पेटीतली जॅकेटं

आजही कुठल्या तळ्याकाठी नारिंगी जॅकेट दिसलं की ती घटना आठवते आणि मला माझीच लाज वाटते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हद्दीत एक जलाशय होता. आमच्या मुलखात पाणी म्हणजे विहीर, कालवा आणि नळ. समुद्र पाहायचा तो टीव्हीवर. त्यामुळे एका ठेकेदाराने तिथे लहान नावा सुरू केल्या तेव्हा दर रविवारी जत्रा लोटू लागली. फाटकावर सुबक अक्षरांत पाटी होती : प्रत्येकाला लाइफ जॅकेट, नावेत हवेची रिंग, दोर, शिट्टी आणि पाणी उपसायला डबा. पाटी वाचून माणूस निर्धास्त व्हायचा.

एका रविवारी दुपारी फोन आला, वाऱ्याने नाव उलटली. आम्ही पोचलो तोवर मासेमारी करणाऱ्यांनी दोन बायकांना बाहेर काढलं होतं. नालवाडीच्या एक शिक्षिका आणि त्यांची मैत्रीण. दोघीही गेल्या होत्या. नावाडी पोहून वर आला होता. शिक्षिकेचे पती कारकून. पाण्याला भीत, म्हणून काठावरच राहिले. नाव सुटली तेव्हा ते भजी आणायला फाटकाकडे गेले होते.

काठावर दोन ओली जॅकेटं पडलेली होती. मी पंचांसमक्ष ती जप्त करून सील केली. ओलं दिसलं, ओलं लिहिलं. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली.

नावाड्याने जबाब दिला, “दोघीईले जाकिट देल्लं होतं साहेब. बाईनं फोटोसाठी सोताच काढलं. मंग दुसरीनंई काढलं. मी नाई नाई म्हटलं, पण आयकलंच नाई.”

माझा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याचं उत्तर तयार असे. खरं बोलणाऱ्याला आठवायला वेळ लागतो, पाठ केलेल्याला लागत नाही. हे कळत असूनही मी सही घेतली, कारण गेलेल्या बायका उलट सांगायला येणार नव्हत्या आणि ठेकेदार ओळखीचा होता. दुसरं कारण नव्हतं.

दोन दिवसांत गावभर झालं, फोटोच्या नादात गेल्या. त्यांच्याच शाळेतल्या शोकसभेत पोरांना सांगितलं गेलं, बाईंसारखं करू नका.

तिसऱ्या दिवशी त्यांचे पती ठाण्यात आले. हातात हेल्मेट होतं.

“साहेब, कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी हे घालायला लावायची. ती काढूच शकत नाही. घरी पोरगी विचारून राह्यली, आई अशी काऊन वागली? मी काय सांगू तिले?”

मी ठरलेलं वाक्य फेकलं : तपास चालू आहे. ते गेले, पण माझा जेवणाचा डबा तसाच राहिला.

दुपारी मी साध्या कपड्यांत जलाशयावर गेलो. फाटकावर एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकायची. शेंगा मोजताना वर न पाहता म्हणाली, “जाकिटं पत्र्याच्या पेटीत राह्यते बापू. चाबी ठेकेदाराच्या खिशात. साहेब लोक आले का उघडते. नवी हायेत ना, खराब होतीन.”

“मग ती दोन ओली कशी झाली?”

“बादलीनं.”

दुसऱ्या दिवशी नावाड्याला बोलावलं. हात उगारला नाही. पंच बसवले, सील फोडलं आणि एक जॅकेट त्याच्यापुढे टाकलं. “बाईंना कसं घालून दिलं ते दाखव.”

त्याने अंगात घातलं. पट्टा ओढला. कडी काही लागेना. त्याने जोर केला, मग नखाने टोकरलं. टेबलावर माती सांडली. कडीत कुंभारमाशीने घर केलं होतं. बादलीच्या पाण्याने माती जरा फुगली होती, पण कडी गच्च बुजलेली. ते जॅकेट कित्येक दिवसांत कोणीच बांधलं नव्हतं.

त्याने जॅकेट काढून टेबलावर ठेवलं. “ठेकेदारानं सांगतलं साहेब, असंच बोलजो, नाई तं तुले काढतो.”

“त्या रविवारच्या आधी पेटी शेवटची कधी उघडली होती?”

या वेळी त्याला आठवायला वेळ लागला.

“तुमी बाईसाहेबायले घेऊन आल्ते ना साहेब, तवा.”

महिन्यापूर्वीची गोष्ट. ठेकेदाराने स्वतः कुलूप काढलं, स्वतः आमचे पट्टे बांधले. शेजारच्या नावेत एक कुटुंब बसलं होतं, कुणाच्याच अंगावर जॅकेट नव्हतं. मी ते पाहिलं होतं. तेव्हा मला एवढंच वाटलं, की आपला चांगला मान ठेवला.

ते वाक्य जबाबात जसंच्या तसं लिहिलं. लिहिणारा हवालदार थांबून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, लिही. ठेकेदार आणि नावाड्यावर गुन्हा दाखल झाला. वरिष्ठांना सगळं कळवून मी तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायला लावला.

मग नालवाडीला गेलो आणि शिक्षिकेच्या पतींना सगळं सांगितलं, माझ्या सहलीसकट. त्यांनी आधी मुलीला हाक मारली. “आईनं काढलं नव्हतं बेटा. आईले देल्लंच नव्हतं.” पोरगी बापाच्या कुशीत शिरून रडली. त्या घरातलं ते बहुधा पहिलं मोकळं रडणं असावं.

निघताना ते दारापर्यंत आले. आवाजात राग नव्हता.

“साहेब, त्या दिवशी नावेत बसताना तुम्ही नुसतं विचारलं असतं ना, बाकीच्यांची जॅकेटं कुठं आहेत म्हणून?”

सबंध नोकरीत मी लोकांना प्रश्नच विचारत आलो. तो एक विचारला नाही.