वाघोबापाशी उरलेली काटकी

प्रतीक्षा ही मूक उपासना आहे. तिला फळाची हमी नसते, म्हणूनच ती मोठी. बोईसरच्या पूर्वेकडील वनोद्यानात, गडवाटेच्या पायथ्याशी, कमळीने हीच उपासना केली.

तेथे वाघोबाची शेंदूरचर्चित शिळा आहे. रानात शिरणाऱ्याने तिच्यापाशी एक काटकी ठेवावी आणि उतरल्यावर आपली आपण उचलावी, असा तिथला रिवाज. तरुणपणी कमळीचा नवरा बुधा गवत कापायला वर गेला. तो पुढे उतरला असेल, या समजुतीने सोबतच्या रामाने दोघांच्याही काटक्या उचलल्या. सांजवेळी रिकामी शिळा पाहून कमळी निश्चिंतपणे घरी गेली. दुसऱ्या दिवशी शोध घेतला तेव्हा केवळ बुधाचा कोयता सापडला.

तेव्हापासून तिने बुधाच्या नावाने सागाची काटकी ठेवली, आणि शिळेशेजारी चहाची टपरी मांडली. रविवारी गड पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ती काटकी ठेवायला लावी. लोक हसत, पण ठेवत.

एका रविवारी दिवस कलला, तरी एक काटकी उरली.

"आये, गाड्या गेल्या सगल्या," वनरक्षक प्रदीप म्हणाला. "आता वाघोबाला च्या पाजतेस काय?"

"कुड्याची काटकी हाय. कोनतरी वर हाय."

"ती बुधाबाबाची असंल."

"त्याची सागाची. चल, मुकाट्यानं."

कड्याखालच्या कपारीत मेघाली नावाची मुलगी पाय मुरगळून बसली होती. मैत्रिणी दुसऱ्या गाडीतून गेल्या होत्या. ती पहिल्या गाडीत आहे, असा त्यांचा समज. रानात एकही पाखरू बोलत नव्हते.

"तुम्हीच कमळी ना?" मुलीने विचारले. "तो म्हणाला, कमळी येल, हलू नको."

"कोन?"

"एक तरुण माणूस. आत्ता इथे होता. गवतात कोयता शोधत होता."

प्रदीपने विजेरी फिरवली. गवत दबलेले होते. कमळीने मुलीला उठवले आणि मागे न पाहता खाली आणले.

दुसऱ्या सकाळी ती घरी जपलेला बुधाचा कोयता घेऊन एकटीच वर गेली. रिकाम्या हातांनी उतरली आणि शिळेपाशी थबकली. सागाच्या काटकीवरून तिने हात फिरवला. उचलली मात्र स्वतःचीच.

गतवर्षी कमळी गेली. टपरी मोडली. शिळेपाशी बुधाची काटकी आहे.