शेजारणीचा डबा

निवृत्त झाल्यावर मी घरात शांत बसेन, असं आमच्याकडे कोणालाच वाटलं नव्हतं. त्यामुळे हडपसरच्या एका संस्थेने मला कामाला बोलावलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद नवऱ्याला झाला. परदेशात राहणाऱ्या भारतीय मुलांसाठी ती मंडळी एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू करत होती. मुलं मस्कत, दोहा, नैरोबीला आणि शिक्षक पुण्यात. दुसरी भाषा म्हणून फ्रेंच ठरल्यातच जमा होती. मी मराठीसाठी हटून बसले. शेवटी असं ठरलं की मी एक नमुना तास घ्यायचा, पालकांनी तो घरबसल्या बघायचा, आणि दहा घरांनी मराठी निवडली तरच वर्ग सुरू करायचा. फ्रेंचशी माझं वैर नाही. पण सुट्टीत पुण्याला आलेल्या नातवंडांशी आजी-आजोबा खाणाखुणांनी बोलताना मी पाहिलेत, आणि मला ते बघवत नाही.

अभ्यासक्रमाचं काम बघणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, अमरावतीहून पुण्यात आलेली. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, यात टीचरने आन्सर द्यायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचा. स्टुडंट्सना स्वतः शोधू द्यायचं."

"आणि नाही सापडलं तर?"

"तरी थांबायचं."

मी जन्मभर प्रश्न विचारून होताच उत्तर फळ्यावर लिहिणारी बाई. त्यात आमच्या पुण्यात तर कोणी न विचारताही उत्तर द्यायची पद्धत आहे. पण गरज मला होती. मी मान डोलावली.

शनिवारी सकाळी तास सुरू झाला. पडद्यावर मुलांच्या मागे पालक बसले होते आणि इंग्रजीतून एकमेकांना आपापली ओळख करून देत होते. धड्याचा विषय शेजार. मी विचारलं, "शेजारच्या काकूंनी डबाभर खीर पाठवली. तुम्ही काय कराल?"

"थँक यू म्हणू."

"आधी विचारू, त्यात काजू आहेत का? मला चालत नाहीत."

"बरं. खीर संपली. आता डब्याचं काय?"

"परत देऊ."

"कसा?"

"धुऊन!"

"आणखी?"

"पुसून!"

मग सगळे गप्प. रिकामा डबा परत देऊ नये, हे एवढंसं वाक्य माझ्या जिभेवर नुसतं नाचत होतं. खोलीत समोर अमरावतीची मुलगी ओठांवर बोट ठेवून उभी. शेवटी मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि घोट घोट पीत बसले.

तेवढ्यात मस्कतची एक मुलगी म्हणाली, "आमच्या खाली केरळच्या आँटी राहतात. त्यांचा डबा आमच्याकडेच आहे. पायसम आलं होतं त्यातून."

"मग परत नाही दिला?"

"आई म्हणते, रिकामा कसा द्यायचा? आणि काही करायला तिला वेळच नाही. म्हणून लिफ्टपाशी आँटी दिसल्या की आई जिन्याने जाते."

आई धडपडत पडद्यावर आली. "अहो बाई, तसं काही नाही हो!" पण दोह्याचे एक गृहस्थ मोठ्याने हसले. "ताई, तुमच्याकडे एकच आहे. आमच्याकडे तीन आहेत. आता शेजाऱ्यांनी पाठवायचंच बंद केलंय." मग काय, धरण फुटलं. कोणाचा डबा कोणाकडे अडकलाय, यावर सगळे एकदम बोलायला लागले, तेही मराठीत. मुलं आपापल्या आईला विचारत होती, "पण रिकामा का नाही द्यायचा?" आणि प्रत्येक आई आपल्या परीने सांगत होती. मी पेला खाली ठेवला तो तास संपल्यावरच.

दोन दिवसांनी अमरावतीची मुलगी पडेल चेहऱ्याने आली. "नऊच घरं झाली, मॅडम. एक कमी पडलं." मला रागही आला आणि रडूही आलं. एवढं तोंड आवरलं ते फुकटच, असं वाटलं.

संध्याकाळी मस्कतहून त्या आईचा फोन. तिने रव्याचे लाडू वळले होते आणि डबा घेऊन एकदाची खाली जाऊन, आँटींच्या मुलीलाही आग्रहाने लाडू खाऊ घालून आली होती. "बाई, त्यांच्या मुलीलाही आमच्या मुलीबरोबर मराठी शिकायचंय. त्यांच्या घरी मल्याळम बोलतात. चालेल का हो?"

मी हडपसरला फोन लावला. अमरावतीची पोर म्हणाली, "घरांनी मराठी निवडावी असा रूल आहे, मॅडम. घरं मराठी असावीत असं कुठे म्हटलंय?" त्या पोरीची मी मनातल्या मनात दृष्ट काढली.

वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मस्कतच्या चौकटीत दोन मुली खेटून बसल्या होत्या. नव्या मुलीला मी विचारलं, "तुला मराठीतलं काही येतं का गं?"

तिने मैत्रिणीकडे बघितलं, मैत्रिणीने मान हलवली, आणि ती ठसक्यात म्हणाली, "लाजू नको, अजून एक घे."