माझ्या मागे कोण होतं?

चहा येईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. घरी अजून कुणाला सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका.

ऑलिंपिकला मी ट्रॅकवरच्या सायकल शर्यतीत होते, हे मुकुंदवाडीत सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच फेरीत बाहेर पडले, हे मीच सांगते. आता मुलींना शिकवते. फुलंब्रीकडच्या एका गावातल्या मुलींना माझ्याकडे यायचं होतं, पण आईबाप सोडेनात. म्हटलं, आपणच जाऊन पटवू. ऑलिंपिकचाच पांढरा पोशाख, पाठीवरच्या नंबरासकट, मागे शेपूट असलेलं हेल्मेट, तीच बिनब्रेकची सायकल. भावाच्या टेम्पोतून मुद्दाम अलीकडे उतरले. गावात शिरायचं तर सायकलवरूनच, असा माझा तोरा!

सकाळचे सात. धुकं असं, की स्वतःचं पुढचं चाक दिसेना. थोडी पुढे गेले तोच पाठीमागे आवाज. फट्, फट्, फट्. अगदी चिकटून. मी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. मी हळू, तोही हळू.

आमच्या शर्यतीत मागचा गडी फायद्यात असतो. त्याला पुढे काढायला आम्ही पाय न टेकता सायकल जागच्या जागी उभी धरतो. मी तेच केलं. आवाज थांबला. म्हणजे तोही उभा! मी हलेना, तो हलेना. वळून बघायची हिंमत कुणाची? एवढ्यात समोरून मोटारसायकलचा दिवा आला, थबकला, कुणीतरी ओरडलं आणि गाडी वळवून पळालं. मग मीही जी सुटले! मागून पुन्हा फट्, फट्.

गावात पारावर सगळे जमलेले. मी हेल्मेट काढून काखेत धरलं, सरपंचांनी खांद्यावर शाल टाकली. पण लक्ष कुणाचंच नव्हतं. दूधवाले नामदेवकाका खाली मान घालून रामनाम जपत होते. त्यांना रस्त्यात भूत दिसलं होतं. मी छातीठोकपणे सांगितलं, काका खरं बोलतात, ते माझ्याच मागे लागलं होतं. झालं! त्या रस्त्यानं पोरी धाडायच्या नाहीत, असं तिथल्या तिथं ठरायला लागलं.

"काका, दिसायला कसं होतं?" मी विचारलं.

"पांढरंफटक. डोस्क्याला शेपूट. सायकलवर अधांतरी, पाय टेकंना की हलंना..." त्यांनी मान वर केली आणि माझ्या काखेतल्या हेल्मेटकडे बघत राहिले. सगळा पार बघत राहिला.

"मग माझ्या मागे कोण होतं?" मी कसंबसं म्हटलं.

एका मुलीची आई उठली. तिनं माझ्या पाठीवरची शाल वर केली. शर्यतीच्या नंबराचं कापड खालच्या दोन्ही पिना सुटून लोंबत होतं. तिनं ते धरून हलवलं. फट्, फट्.

मग शांतपणे म्हणाली, "ताई, जी बाई सोताच्या पाठीलाच भ्याली, तिच्याकडं पोरगी धाडू व्हय मी?"