रस्त्याकडे पाठ करून

बाळकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर आता ते कोपऱ्यातलं टेबल रिकामं राहणार... सख्खा काका गेला आणि मला हॉटेलातलं टेबल आठवावं, याची लाज अजून जात नाही. पण तेवढीच एक गोष्ट होती, जी आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

झाशीच्या सदर बाजारात मागच्या गल्लीत एक लहानसं इटालियन हॉटेल आहे. मालक राकेशभैया इथल्याच सीपरी बाजारातला. बरीच वर्षं इटलीतल्या एका गावात स्वयंपाकी होता, तिथलंच सगळं शिकून परत आला. त्याच्याकडे पनीर घातलेला पास्ता नाही, टेबलावर सॉसची बाटली नाही. पीठ रोज स्वतः मळतो, लाटतो, कापतो. गिऱ्हाइकं बेताची आणि ताठा मात्र भरपूर! निवृत्तीनंतर काका घरात कंटाळलेत म्हणून मी त्यांना तिथे घेऊन गेले. पुढ्यात पिठाच्या रुंद पट्ट्या आल्या, वर टोमॅटो, लसूण, हिरवी पानं. काका म्हणाले, "अगं, या तर आपल्या चकोल्या! बिचारा वरण घालायला विसरला." मग पहिला घास घेतला आणि चमचा हातात धरूनच त्यांनी राकेशभैयाला हाक मारली. विचारलं, "भैया, इसमें डाला क्या है?" राकेशभैया हसला. "कुछ नहीं अंकलजी. पानी उबलता है तो मुट्ठी भर के नमक डाल देते हैं, बस."

मीठ! काकूला ब्लड प्रेशर निघाल्यापासून त्यांच्या घरात मीठ नावालाच उरलं होतं. तिचं वेगळं शिजवायला काकांनीच नकार दिला होता. "तू जे खाशील तेच मी खाणार," म्हणाले आणि पानात वरून चिमूटभर वाढून घेणंही सोडलं. काकूला त्याचं केवढं कौतुक! आल्यागेल्याला सांगायची. म्हणूनच त्या दिवशी बाहेर पडताना काकांनी मला बजावलं, "काकूला बोलू नकोस हं. तिला वाटेल, इतके दिवस मी तोंडदेखलं जेवलो." मग दर महिन्याला आमची फेरी ठरूनच गेली. काका नेहमी रस्त्याकडे पाठ करून बसायचे. "अहो, इथे कोण बघतंय तुम्हाला?" मी चिडवायची. "बाई गं, अख्खी झाशी बघते!" शेवटच्या वेळी उठताना म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात लवकर येऊ."

तो महिना आलाच नाही. दहाव्याला आम्ही बेतवा नदीच्या काठी होतो. पिंड ठेवला, कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एकही शिवायला येईना. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा नंदू हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." काही नाही. काकू म्हणाली, "मी वेळेवर औषधं घेईन." काही नाही. "किसी को कुछ याद आता है?" गुरुजींनी विचारलं. मला आठवत होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण शेजारी काकू उभी होती, आणि मी खाली मान घालून वाळूकडे बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

वाटलं, काकूला वाचवलं. कसलं वाचवलं! त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा ती तेच विचारायची, "काय राहिलं असेल गं त्यांचं?" शेजारणीला पेढे दिले, देवळात शिधा दिला, काकांचा जुना स्वेटर कुणाला तरी दिला... तरी तिची झोप उडालेलीच. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळताना मी जिवंत माणसाला रोज टोचत होते. एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, "काकू, मीठ राहिलं होतं त्यांचं." आणि सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही, रागावलीही नाही. "मला घेऊन चल तिथे," एवढंच म्हणाली.

हॉटेलात शिरताच तिने विचारलं, "कुठे बसायचे?" मी खुर्ची दाखवली. ती तशीच, रस्त्याकडे पाठ करून बसली. राकेशभैयाने न विचारता तेच ताट आणून ठेवलं. "माताजी, अंकलजी वाला है." काकूने एकच घास घेतला, सावकाश चावला. "मीठ बरोबर आहे," म्हणाली. मग चमचा खाली ठेवला. "एकदा म्हणाले असते, तर मी त्यांच्यासाठी वेगळं काढलं असतं गं. लपून कशाला खायचं माणसाने?"

ती इतकी हळवी आहे, हे आम्ही दोघांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

काकू उठली, खुर्ची दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या माझ्या बाजूला आणली आणि रस्त्याकडे तोंड करून पुन्हा बसली. उरलेलं ताट माझ्याकडे सरकवून म्हणाली, "संपव."

राकेशभैयाने ती खुर्ची अजून तशीच ठेवली आहे. मी गेले की तिच्या समोरच्या खुर्चीत, रस्त्याकडे पाठ करून बसते; त्या खुर्चीत बसण्याची हिंमत होत नाही.