बाजाराच्या दिवसाची रेघ

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानवतच्या स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. फोन त्याच्या मुलीचा, हर्षदाचा. "काका, बाबा गेले… सकाळी छातीत दुखायलंय म्हणले, दवाखान्यापर्यंतबी न्हाई पोचले." मी काहीतरी बोललो, फोन ठेवला आणि गाडी आली तरी चढलो नाही. पुढचं लिहायला जड जातंय, पण खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता. त्याने केलेलं ते संगणकावरचं पॅकेज आता इथेच थांबणार, हा होता.

आम्ही दोघं एकोणीस वर्षं परभणीच्या एका कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. काम गावोगावच्या पावसाच्या नोंदी गोळा करायचं, तपासायचं आणि त्यांचे तक्ते करायचं. दत्ता बोरीचा, मी राणीसावरगावकडचा. संगणकावर कोड लिहून नोंदी तपासायला आधी मी शिकलो. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर ते कुणाला आठवेनासं झालं. माझ्याकडे एकतीस फाइली होत्या. 'अंतिम', 'अंतिम दोन', 'अंतिम खरी'… कोणती कधी चालवायची ते फक्त मला माहीत होतं. साहेबांना आकडे हवे असले की माझ्याच टेबलाशी यावं लागे, आणि मला ते आवडायचं.

दत्ताला ते खटकायचं. "भाऊ, तुमी रजेवर गेले की पाऊसबी रजेवर जायलाय," तो म्हणायचा. "असं कायतरी पायजे की कुणीबी उतरवून घ्यावं, आपल्या नोंदी घालाव्या, उत्तर घ्यावं. तुमाला न विचारता."

ते 'न विचारता' मला झोंबलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तो पॅकेज करायला शिकला. म्हणजे उपयोगी कोड एकत्र बांधायचा, त्यातला कुठला भाग काय करतो ते साध्या भाषेत लिहायचं, चुका पकडणाऱ्या तपासण्या जोडायच्या आणि सगळं इंटरनेटवर कुणालाही घेता येईल असं ठेवायचं. डबा उघडा टाकून तो वाचत बसायचा, भाकरी वाळून जायची. पहिली आवृत्ती त्याने मला मोठ्या हौसेने दिली, तर ती माझ्या संगणकावर चालेचना. कोड त्याच्याच संगणकावरचा 'बोरी' नावाचा फोल्डर शोधत होता. मी दिवसभर हसलो. "घ्या! साऱ्या दुनियेला बोरीला बोलवायलो की मी," म्हणत तोही हसला, आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून मोकळा झाला. मला त्याचं ते हसणंच सहन व्हायचं नाही. माझी चूक निघाली की मला दोन दिवस अन्न गोड लागत नाही. हा आपली चूक चहावाल्यालासुद्धा सांगायचा.

पॅकेज इंटरनेटवर गेलं. दर सोमवारी मी ते उतरवून घेणाऱ्यांचा आकडा गुपचूप बघू लागलो. पहिल्या आठवड्यात सात, त्यातले चार तो स्वतःच. मग चाळीस. मग तीनशे बारा. ओडिशातल्या कुणा बाईंनी आभाराचं पत्र पाठवलं, ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. मी "छान" म्हणालो आणि आधीच जुळलेली बेरीज पुन्हा करत बसलो.

पण एक गोष्ट फक्त माझ्याकडे होती. आमच्याकडे काही गावांत पर्जन्यमापक बघणारा माणूस आठवडी बाजाराला जातो. त्या दिवशी तो नोंदवहीत नुसती रेघ ओढतो आणि दुसऱ्या सकाळी साठलेलं सगळं पाणी एकाच दिवसावर लिहितो. दत्ताच्या कोडने रेघेला शून्य धरलं होतं. त्यामुळे दोन दिवसांचा बरा पाऊस एका दिवसाची अतिवृष्टी होऊन बसे. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, आणि शेजारच्या गावांवरून तो आकडा दोन दिवसांत कसा वाटायचा, याचा नियम मी वर्षानुवर्षं फिरून बसवला होता. पहिल्याच दिवशी कोड वाचताना मला त्याची चूक दिसली होती. मी गप्प राहिलो. त्याचं कौतुक झालं की ती रेघ आठवायची आणि बरं वाटायचं.

गेल्या वर्षी त्याने स्वतःच विचारलं, "भाऊ, ते रेघेचं तुमी कसं करता हो?"

"सांगतो निवांत," मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी हर्षदा घरी आली. "काका, बाबांच्या त्या कामाचं लोक विचारायलेत. तुमी बघता का?" मी हो म्हणालो आणि पॅकेज पहिल्यांदाच नीट उतरवून घेतलं. तोवर मी फक्त पहिल्या आवृत्तीचा कोड वाचला होता, तोही चुका शोधायला. रेघांची एक फाइल घातली. चुकीचा आकडा येणार, याची मला खात्री होती. आकडा आलाच नाही. काम थांबलं आणि पडद्यावर ओळी उमटल्या, खाली त्यांचंच इंग्रजी: "इथं रेघ हाय. बाजाराचा दिवस असंल. शून्य धरू नका. ह्याचा नियम परभणीच्या नामदेवभाऊंनी शोधलाय. ते देतील तवा घालू. तवर त्यांना विचारा."

मी त्या ओळींची तारीख बघितली. 'सांगतो निवांत' म्हणून मी त्याला टाळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने हे घातलं होतं. म्हणजे वर्षभर, जिथे जिथे रेघ आली तिथे तिथे, माझं नाव अनोळखी लोकांसमोर येत होतं… आणि मी सोमवारी आकडे मोजत होतो. खरं सांगतो, तेव्हाही आधी हेवाच वाटला. हे मला सुचलं नसतं. रडू नंतर आलं.

नियम लिहायला सहा दिवस लागले, चौदा तपासण्या जोडल्या. चौदाही पास झाल्यावर नवी आवृत्ती पाठवली. पॅकेज करणाऱ्यांच्या यादीत त्याच्याखाली माझं नाव दुसरं आहे. नियम आल्यावर त्याच्या ओळी खऱ्या राहिल्या नाहीत, म्हणून त्या काढाव्या लागल्या, आणि त्या मीच काढल्या. माझ्या संगणकावर मात्र जुनीच आवृत्ती ठेवली आहे. सकाळी रेघांची फाइल घातली की दत्ता मध्येच काम थांबवतो आणि नामदेवभाऊंना विचारायला सांगतो.