आत्याचा बेताचा चेंडू

अंगण सारवून झालं की आमची आत्या त्यावर गोल्फ खेळायची. साठी उलटलेली, पदर खोचलेला, पायात शाळेतले पांढरे बूट. ती मुलींच्या शाळेत खेळाची बाई होती. शेजारचे फौजी साहेब अमरावती सोडून जाताना आपला पटर, म्हणजे गोल्फचा चेंडू भोकाकडे ढकलायची काठी, आणि थोडे चेंडू तिला देऊन गेले, तेव्हापासून हे सुरू झालं. तुपाचा रिकामा डबा जमिनीत पुरून तिनं भोक तयार केलं होतं.

"जोर लावाचाच नाही," ती सांगायची. "दांडा जितका मागं नेशीन तितका बॉल जाईन. भोकापाशी त्यानं पाहुण्यावानी यावं, वसुलीवाल्यावानी नाही." ओल्या सारवणावर चेंडू अडखळत जाई, अंगण वाळलं की पळे, आणि तिचा हात त्याप्रमाणे बदले. हे सगळं कौतुकाचंच होतं, फक्त ते माझ्या क्लासच्या दारात चालायचं.

माडीवर माझा गणिताचा क्लास आहे. पालक चौकशीला आले की आत्या वाकल्या वाकल्याच हात वर करायची. "थांबा जरासक. बॉल चालून रायला." ऑटोतून उतरलेली भली माणसं चेंडू थांबायची वाट पाहत फाटकात उभी राहायची, आणि जिन्यात मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याबाहेरच्या एका रिसॉर्टवर गोल्फची खरी हिरवळ तयार झाली आणि पटिंगची, म्हणजे चेंडू भोकात घालायची, खुली स्पर्धा निघाली. आत्या म्हणाली, "मले घेऊन चाल. एकडाव पाह्य तू. मंग लोकाइले सांगशीन, हे माही आत्या हाय म्हून." मी चपापलो. पालकांशी तिची ओळख करून द्यायचं मी टाळतो, हे तिला कळत होतं तर.

हिरवळ बारीक कातरलेली आणि किंचित उताराची होती. आत्यानं अंगणातल्याच बेतानं चेंडू सोडला. तो भोकाजवळून गेला, उताराला लागला आणि थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली शिरला. दुसऱ्या चेंडूचंही तेच झालं. लोक हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण हसले. त्यांत माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील होते.

"सर, या तुमच्या कोण?"

"आत्या," मी म्हणालो.

चेंडू उचलायला ती तिथंच आली होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली. हे तिला फार दिवसांपासून ऐकायचं होतं, पण असं नाही.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "तुले खाली पाहाले लावलं रे मी." तिच्यापायी लाजत मी इतकी वर्षं काढली, पण त्या क्षणी माझी मलाच जी लाज वाटली, त्या लाजेपुढे ते काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा उकरून काढला आणि खड्डा बुजवला. मी राहू दे, राहू दे म्हणत होतो. आता संध्याकाळी ती अंगणात नुसती खुर्ची टाकून बसते. बाहेर ऑटो थांबला, कुणी उतरलं, की माझ्याकडे बघते.

"मी आत जाऊ काय रे?"

मी "बस इथंच" म्हणतो. तोवर ती उठलेली असते.