पॅड सोडू नको

“बॉल ठेव आन् पाणी आण,” सर म्हणाले. मी नुकतीच समरची मधली दांडी उडवली होती.

दांडी अजून मागे जाळीला टेकून पडलेली. सगळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं, सर शाबास म्हणतील. मी पाणी आणलं. समर प्याला, रिकामा ग्लास माझ्याच हातात दिला, दांडी लावून घेतली आणि पुन्हा खेळायला उभा राहिला.

आमच्या क्रिकेटच्या नेटमध्ये नियम होता. आऊट झालं की पॅड सोडायचे आणि पुढच्याला द्यायचे. नियम आम्हाला होता, समरला नव्हता. त्याचे वडील बडे जमीनदार. मॅटिंग त्यांनी दिलेलं, जाळी त्यांनी बांधून दिलेली. समर एका संध्याकाळी पाच-सहा वेळा आऊट व्हायचा आणि हसायचा.

माझे वडील शहागंजला हातगाडीवर केळी विकायचे. मी पडेगावहून सायकलवर यायचो, दोन तास बॉल टाकायचो. बॅट हातात यायची ती दिवस मावळताना, बॉल धड दिसत नसताना. एकदा चुकलो की संपलं. रोज तेच. चुकायची भीती अंगात कधी मुरली, कळलंही नाही.

निवड चाचणीला बाहेरून निवडकर्ते आले. समर दुसऱ्याच बॉलला पायचीत झाला. सर म्हणाले, “पोरगं घाबरलंय, परत बघू.” परत बघितलं आणि तो फार सुंदर खेळला. माझी पाळी आली. मी नुसता बॉल अडवत राहिलो. मारण्याजोगे बॉल आले, हात उठला नाही. मग झेल गेला. मी कुणी न सांगता खाली बसलो आणि पॅडचे पट्टे सोडायला लागलो.

सर निवडकर्त्यांना म्हणाले, माझ्यादेखत, “हात लई चांगलाय याचा. काळीज नाय.”

ते वाक्य मी वीस वर्षं खरं मानलं.

समर देशाकडून खेळला. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर लागलो. कँटीनच्या टीव्हीवर तो दिसला की मी ताट बाजूला सारायचो. शेजारच्या लेथवरचे रफिकभाई विचारायचे, “तेरे साथ का है ना रे ये?” मी हो म्हणायचो. मनात म्हणायचो, जा, शून्यावर जा. सांगायला लाज वाटत नाही. त्याची बॅट, त्याचं घड्याळ, त्याचं ते बेफिकीर च्युइंगम चघळणं, सगळ्याचा मला हेवा वाटायचा. परदेशात एकदा बॉल त्याच्या बरगडीवर बसला. तो गुडघ्यावर बसला, उठला, पुढचा बॉल सरळ बॅटनं खेळला. कँटीननं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तो खंबीर होता, हे खरंच होतं. म्हणून तर जास्त जळलो.

मग आमच्याच मैदानावर त्याचा सत्कार झाला. समोर नेटची पोरं बसलेली, त्यांच्या मागे मी. समर बोलला, “टॅलेंट गल्लीगल्लीत असतं. वर जायला मन लागतं. आमच्यात एक होता, माझ्यापेक्षा भारी. पण आऊट व्हायला घाबरायचा.” आणि त्यानं माझ्याकडे हात केला. अगदी प्रेमानं. लोक हसले. सरांनी हाक मारली, “ये रे, पोरांना सांग तुझं काय चुकलं.”

मी गेलो. कुणीतरी गुलाबाचं फूल हातात दिलं. मी माईक घेतला.

“समर, या नेटमध्ये आऊट झाल्यावर तू एकदा तरी पॅड सोडलेस का?”

त्यानं खरंच आठवून पाहिलं. म्हणाला, “आठवत नाय बा.”

“मला आठवतं. मी रोज सोडले.”

सर म्हणाले, “बास झालं. खाली जा.”

“नाय जात, सर. माझं काळीज घरून कमी आलं नव्हतं. ते तुम्ही इथं काढून घेतलं. रोज थोडं थोडं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी फूल टेबलावर ठेवलं आणि माझ्या पायांनी उतरलो.

आता पडेगावला दर रविवारी मी नेट लावतो. कोळ्यांची जुनी जाळी आहे, चार बांबू आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं, घड्याळ लावून. कितीही वेळा आऊट होवो, दहा मिनिटं त्याचीच. मागे एक मोठ्या घरचा मुलगा गाडीतून आला. त्याची वेळ संपली तेव्हा वडील म्हणाले, “आणखी पाच मिनिटं खेळू द्या की.” मी म्हणालो, “नाय.” ते पुन्हा आले नाहीत. न येवोत.

समरचा हेवा गेलेला नाही. तो टीव्हीवर दिसला की आजही पोटात जळतं, आणि ते विझवायची माझी इच्छा नाही. आमच्यात वीटभट्टीवरची एक मुलगी येते. हात लई चांगलाय तिचा. परवा तिची दांडी उडाली. कुणी काही म्हणायच्या आत ती वाकली आणि तिचा हात पॅडच्या पट्ट्याकडे गेला. मी पळत गेलो, तो हात धरला.

“सोडू नको,” म्हणालो. “दांडी मी लावतो. तू उभी राहा.”